तीन नंबरच्या टाकीला भरती

माघी पौर्णिमेच्या सकाळी शेंद्र्याच्या त्या तेल कारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रविवार असून कामगार आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या, बायकांच्या सासवा आल्या होत्या. मालक नानासाहेबांचे भाऊबंद सिल्लोडहून दोन जीपा भरून आले होते. हर्सूलकडचं एक भजनी मंडळ कुणी बोलावलं नव्हतं तरी टाळ घेऊन हजर होतं. सगळ्यांच्या माना वर. वर काय, तर पत्र्याची एक गोल टाकी. तिच्यावरच्या तीनच्या आकड्याला हळदकुंकू लावलेलं, शिडीला झेंडूच्या माळा, आणि आत शंभर टन कच्चं पामतेल.

चमत्कार असा, की दर पौर्णिमेला या टाकीतलं तेल वाढायचं. सकाळी दर्यानाथ महाराज टाकीच्या माथ्यावर चढायचे, तेल मोजायची पोलादी फीत आत सोडायला लावायचे आणि फीत जिथवर तेलात बुडेल तिथं लाल दोरा बांधायचे. मग खाली मांडवात सात तास होम, भजन, प्रसाद. दुपारी दोनला फीत पुन्हा सोडायची, की तेल दोऱ्याच्या वर चार बोटं! कोजागिरीला चार, कार्तिकीला चार, मार्गशीर्षात साडेचार, पौषात पुन्हा चार. मग दोरा सोडून, तेलात भिजवून, त्याचे तुकडे भक्तांना वाटायचे. निम्म्या कारखान्याच्या मनगटावर तो दोरा होता.

महाराजांचं तत्त्वज्ञानही ऐकण्यासारखं. "समिंदर पुनवेला भरतो का नाही? मग समिंदरावरनं आलेलं तेल का नाही भरणार? चंद्र काय फक्त मुंबईलाच उगवतो?" यावर माणसं माना डोलवत. खरा समुद्र इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब. महाराजांचा आणि दर्याचा संबंध किती, तर एकदा भक्तांनी हौसेनं हर्सूलच्या तलावात त्यांना नावेत बसवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरून डोळे गच्च मिटून घेतले होते. भक्तांना वाटलं, समाधी लागली.

प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून जाहेदा हे सगळं बघत होती. सतरा वर्षं ती इथं तेल तपासत होती. आज तिचं कामात लक्ष नव्हतं, कारण महाराजांनी सकाळीच जाहीर केलं होतं की आज फीत कडूबा धरील, आणि खरंखोटं दर्याच करील.

हा कडूबा कोण आणि त्याची दर्याशी भानगड काय, ते सांगितलं पाहिजे.

नानासाहेबांचं घराणं मूळचं सिल्लोडचं, सरकीच्या तेलातलं. धंदा वाढला, तसे नाना परदेशातून जहाजानं पामतेल मागवायला लागले. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांचं दोन हजार टन तेल बंदराला लागलं. ते मोजून घ्यायला त्यांनी आपला सगळ्यात भरवशाचा माणूस पाठवला, तो कडूबा. बावीस वर्षं टाक्या मोजण्यात गेलेली; फितीवरचा आकडा तो बापाच्या नावासारखा सांगायचा. त्यानं बंदरावरच्या टाकीत फीत सोडली आणि फोन केला, की नाना, अडतीस टन कमी हाय. जहाजाच्या कागदावर पुरे दोन हजार, आणि कप्तानाचा दाखला की आमच्या टाक्या खडखडीत रिकाम्या, आत थेंब नाही. या धंद्यात हजारी पाच टन इकडंतिकडं झालं तर कुणी विचारत नाही. इथं हजारी एकोणीस. मग खाल्लं कुणी?

जहाजवाल्यांनी लगेच बोट दाखवलं, की तुमचाच माणूस बघा. अडतीस टन म्हणजे जवळजवळ दोन टँकर. झालं. कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की कडूबानं बंदरावरच दोन टँकर वळवले. नानांनी त्याला कामावरून काढलं नाही, पण टाक्यांवरून उचलून फाटकावर बसवलं. जो माणूस बावीस वर्षं सगळ्यांच्या वर चढून उभा राहायचा, तो आता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत होता. त्याच्या पोरीची जुळत आलेली सोयरीक त्याच महिन्यात मोडली. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

नानांची वकीलबाई मोनिका. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की जहाजाच्या मालकावर दावा लावू, त्यांना प्रवासातल्या नोंदी कोर्टात ठेवाव्या लागतील आणि तेल कुठं गेलं ते आपोआप निघेल. मात्र माल उतरल्यापासून एका वर्षाच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. कडूबा तिला हात जोडून म्हणाला होता, "ताई, नानाचं तेल येवो न येवो, त्या कोर्टात एकदा माझं नाव धुऊन निघू द्या." पत्रव्यवहारात, सर्वेक्षकांच्या अहवालांत आठ-नऊ महिने गेले. दसऱ्याला दाव्याची फाईल तयार होती. फक्त नानांची सही राहिली होती.

आणि नेमक्या त्याच दसऱ्याला इंद्रजीत महाराजांना घेऊन आला. इंद्रजीत म्हणजे दलाल. नानांना तेल मिळवून देणारा तोच, जहाज ठरवून देणाराही तोच. महाराजांनी नानांच्या कपाळाकडं बघितलं आणि सांगितलं, की दर्यानं आपला वाटा घेतलाय, तो परत देईल, पण दोन नेम पाळा. एक, दर्यावर, म्हणजे त्याच्या जहाजावर, दावा लावायचा नाही. माल उतरला त्या दिवसापासून सव्वा वर्ष वाट बघायची. दुसरा, एक टाकी भरून सील करा, तिच्यात तेल घालायचं-काढायचं नाही, आणि तिचा आकडा काढू नका, पुनवेला नुसता दोरा बांधा; मोजलेलं घटतं.

आता बघा, माणूस कुठं बरोबर पकडला. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे नाना बापाच्या मांडीवर बसून शिकले होते. मोजलं की बरकत जाते, हे सिल्लोडच्या बाजारात हिंदू आडत्या मानतो आणि मुसलमान व्यापारीही मानतो. आणि सव्वा तर काय, आपल्याकडं देवाला नारळ फोडला तरी वर सव्वा रुपया ठेवतात. सव्वा म्हटल्यावर शंका घ्यायचं कुणाच्या बापाला सुचतंय! नानांनी फाईल तिजोरीत टाकली. मोनिकाचे फोन येत राहिले. इंद्रजीत सांगत राहिला, की मी जहाजवाल्यांशी बोललोय, मुदत वाढवून देतील. एक चिठ्ठी काही त्यानं आणून दाखवली नाही.

जाहेदाला टाकीचं गुपित कोजागिरीलाच कळलं होतं. दुपारी तिनं नेहमीप्रमाणं तीन नंबरमधून तपासणीपुरता वाटीभर नमुना काढला, थर्मामीटर बुडवला, तर पारा बावन्नवर. आदल्या दिवशी तेहतीस होता. पामतेल गार असलं की वनस्पती तुपासारखं घट्ट होतं, म्हणून टाकीच्या तळाला वाफेची नळी असते. नळी सोडली की तेल तापतं, आणि तापलं की फुगतं. सहा मीटर उंचीची टाकी, वीस अंश उष्णता, चार बोटं. यात ना दर्या, ना चंद्र. बॉयलरवरच्या गोकुळला तिनं सहज विचारलं, तर तो म्हणाला, इंद्रजीतसाहेबांचा हुकूम आहे, नैवेद्याचं तेल पहाटेपासून कोमट ठेवायचं.

तिनं आकडे वहीत लिहिले आणि वही मिटली. बोलली नाही. एक तर बाई, त्यात नाव जाहेदा. महाराजांना खोटं म्हटलं की लोक तेल सोडून आपल्या नावाकडं बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात ती एकटी कमावणारी, लेक युसराचं फार्मसीचं शेवटचं वर्ष. शिवाय तिच्या मोहल्ल्यात पाण्यावर फुंकर मारून कावीळ उतरवणारे होतेच, त्यांना तरी तिनं कधी टोकलं होतं? नाचू द्या बापड्यांना टाकीभोवती, कुणाचं काय जातंय, असं तिनं मनाला सांगितलं. दाव्याची मुदत, महाराजांचं सव्वा वर्ष, यातलं तिला काही माहीत नव्हतं. चार पौर्णिमा अशाच गेल्या.

संक्रांत झाली आणि नाना विचारायला लागले, की महाराज, चार-चार बोटं दिसतात खरी, पण माझं अडतीस टन परत कधी? तेव्हा महाराजांना या प्रकरणातून अंग काढून घेण्यासाठी एक पापी हवा झाला. पापी तयारच होता, फाटकावर बसलेला.

म्हणून त्या दिवशी कडूबाला टाकीवर चढवलं. सकाळी त्याच्याच हातानं फीत सोडली, दोरा बांधला. सात तास भजन झालं. दुपारी दोनला त्यानं पुन्हा फीत सोडली आणि वर काढली. तेल दोऱ्यापाशी होतं तिथंच. केसभरही हललं नव्हतं.

महाराजांनी हात वर केला आणि खालच्या पट्टीत म्हणाले, "दर्या चोराच्या हातात देत नाही."

मग जो गलका झाला! सिल्लोडचे भाऊबंद शिडीकडं धावले. कुणीतरी चप्पल भिरकावली, ती कडूबाच्या खांद्याला लागून टाकीवर आपटली. तो वर उभा होता, हातात तेलानं माखलेली फीत, आणि खाली बघायलाही तयार नव्हता. गर्दीत त्याची बायको दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. दर्यानं कौल दिल्यावर आता कुठलं कोर्ट आणि कुठला वकील? जन्माचा चोर ठरत होता माणूस.

जाहेदानं तोवर नमुना काढला होता. पारा तेहतीस. म्हणजे आज वाफ सोडलीच नव्हती. चार वेळा तेल तापवून फुगवलं आणि पाचव्या वेळी, या माणसाला चोर ठरवायला, मुद्दाम गार ठेवलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मांडवात आली आणि सरळ माईकच हातात घेतला.

"नानासाहेब, दहा मिनिटं द्या. मला खोटं ठरवलंत तर उद्यापासून मी येत नाही."

इंद्रजीत पुढं झाला, की मॅडम, हा श्रद्धेचा विषय आहे, तुम्ही यात पडू नका, तुमच्यात हे नसतं. जाहेदा म्हणाली, थर्मामीटर सगळ्यांच्यात सारखाच असतो. तिनं आधी गोकुळला उभं केलं आणि विचारलं, की चारी पौर्णिमांना पहाटे टाकीची वाफ कुणी सोडली. गोकुळनं एकदा इंद्रजीतकडं बघितलं, एकदा वर उभ्या कडूबाकडं बघितलं.

"म्या सोडली. साहेबांनी सांगितलं व्हतं. आज म्हणले, नको सोडू."

मग तिनं अरुंद गळ्याची काचेची बाटली मागवली. टाकीतलं गार तेल गळ्याच्या खुणेपर्यंत भरलं, काट्यावर ठेवलं आणि सिल्लोडहून आलेल्या एका म्हातारीला आकडा वाचायला लावला. बाटली गरम पाण्याच्या बादलीत धरली. तेल गळ्यात चढायला लागलं. एक बोट, दोन बोटं, तीन. भजनी मंडळातल्या एकानं सवयीनं हात जोडले आणि शेजाऱ्यानं त्याला कोपरखळी मारली. बाटली पुसून तिनं पुन्हा काट्यावर ठेवली. म्हातारीनं वाकून बघितलं, पदरानं डोळे पुसून परत बघितलं.

"वजन तर तेवढंच हाय," ती म्हणाली.

वजन तेवढंच होतं, कारण तेल तेवढंच होतं. जाहेदानं विचारलं, की चार पौर्णिमांत साडेसोळा बोटं वाढलं म्हणता, मग ती बोटं गेली कुठं? तेल पुन्हा गार झालं की उतरायचं, आणि ते दिसू नये म्हणून आकडा काढायची बंदी. दर वेळी दोरा नवा, जुन्याचे तुकडे तुमच्या मनगटावर. मूळ आकडा कधी कुणी लिहिलाच नाही, नुसती वाढ मोजली.

गोकुळनं वाफ सोडली. पाच वाजेपर्यंत माणसं हलली नाहीत. पाचला कडूबानं फीत सोडली, तेव्हा होम विझला होता, भजन बंद होतं, महाराज चहाच्या निमित्तानं उठून गाडीत बसून दौलताबादच्या रस्त्याला लागले होते, आणि तेल दोऱ्याच्या वर तीन बोटं होतं.

मग जाहेदानं प्रयोगशाळेत लावून ठेवलेला बंदरावरचा कागद नानांना दाखवला. कडूबानं वर्षापूर्वी आकड्याशेजारी लिहून ठेवलं होतं, की तेल गार येतंय, पन्नासच्या जागी छत्तीस अंश, घट्ट. जहाजवाल्यांनी इंधन वाचवायला वाटेत तेल नीट तापवलंच नव्हतं. थंडीत वनस्पती तुपाचा डबा पालथा केला तर तळाला काय चिकटून राहतं, ते कुठल्याही बाईला विचारा. समुद्राच्या पाण्यानं गार पडून जहाजाच्या तळाला गोठलेलं तेल पंपाला ओढता आलं नाही, आणि कप्तानानं टाक्या रिकाम्या असल्याचा दाखला ठोकला. अडतीस टन बंदराला उतरलेच नव्हते, तर कडूबा चोरणार काय?

नानांनी तिथंच कडूबाचे हात धरले. मग घाईघाईनं मोनिकाला फोन लावला, की उद्या दावा लाव. तिनं तारखा मोजून दाखवल्या.

"नाना, माल अकरा जानेवारीला उतरला. आज एक फेब्रुवारी. वर्ष उलटून एकवीस दिवस झाले. मुदतवाढ कुणी लिहून दिलेली नाही, आता दावा लागत नाही."

तेव्हा कुठं नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. टाकीतली चार बोटं हा नुसता तमाशा होता. खरी हातचलाखी त्या सव्वात होती. कायद्याचं वर्ष संपेपर्यंत या माणसाला टाकीभोवती बसवून ठेवायचं, एवढंच महाराजांचं काम होतं, आणि ते त्यांनी चोख केलं. इंद्रजीतला जहाजवाल्यांकडून काय मिळालं ते त्यालाच ठाऊक. तो त्या दिवसानंतर फोन उचलत नव्हता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी नानांनी जाहेदाला आणि कडूबाला केबिनमध्ये बोलावलं. समोर विम्याचे कागद होते. नाना खाली बघून बोलले. तेल जहाजावर राहिलं असं लिहिलं तर विमा कंपनी म्हणणार, मग मुदतीत दावा का नाही लावला, आता आम्ही देत नाही. जमिनीवर चोरी झाली असं लिहिलं तर मिळेल. त्यासाठी पोलिसांत एक तक्रार लागेल, कडूबाच्या नावानं, नावापुरती. वकील मीच देतो, नाना म्हणाले, घरी पगार पोचेल. जाहेदाबाईंनी फक्त वही आणि बंदरावरचा तो कागद काढू नये.

रविवारी ज्या नानांनी त्याचे हात धरले होते, त्यांच्याकडं कडूबा बघत राहिला. महाराजांनी त्याला चोर म्हटलं तेव्हा नानांना खरं ठाऊक नव्हतं, एवढं तरी म्हणता येत होतं. आता सगळं ठाऊक असून तेच चाललं होतं. जाहेदानं त्या केबिनमध्येच नानांना तोंडावर सांगितलं, की हे मला जमणार नाही.

तक्रार झालीच. जाहेदानं वहीच्या पानांच्या आणि बंदरावरच्या कागदाच्या नकला काढल्या, प्रत्येकीखाली सही केली, आणि चौकशीला आलेल्या विम्याच्या माणसाला दिल्या, पोलिसांनाही दिल्या. विमा नामंजूर झाला. कडूबाला अटक झाली नाही, पण तक्रार अजून मिटलेली नाही. दर पंधरा दिवसांनी तो चौकीला हजेरी लावतो. जाहेदाची नोकरी मार्च संपायच्या आत गेली.

निघायच्या दिवशी ती फाटकावर त्याला भेटायला थांबली. नकलांचा एक संच तिनं त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटून बघितला. पहिलंच पान कोजागिरीचं होतं. बावन्न अंश, खाली तिच्या हातची तारीख. त्यानं त्या तारखेवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे तुमाला तवाच कळलं व्हतं?"

ती हो म्हणाली.

"मग तवा का नाय बोलल्या? तवा तर तीन महिने हातात व्हते."

तो रागावला नव्हता, नुसतं विचारत होता. ती रडली, आणि ते रडणंही त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं.

बाबा-महाराज लबाड असतात, हे मी तुम्हाला नव्यानं काय सांगू? भोळी माणसं फसतात, हेही जुनंच. पण प्रत्येक मांडवाच्या कडेला एकदोन शहाणी माणसं उभी असतात, त्यांना सगळं कळत असतं, आणि ती मनात हसून घरी जातात. कुणी म्हणालं वाढलं, तर वजन करा. कुणी म्हणालं मोजू नका, तर आधी मोजा. कुणी म्हणालं इतके दिवस थांबा, तर त्या दिवसांत कशाची मुदत संपतेय ते बघा. आणि कळलं असेल, तर त्याच दिवशी मोठ्यानं सांगा. तुमच्या गप्प बसण्याची किंमत दुसरा कुणीतरी भरत असतो. कडूबा आजही भरतोय.